गुरुजींच्या सुनेचा पायगुण

आर्वीला आमच्या घरासमोर किसनराव गुरुजी राहत. कोकिळा ही त्यांची सून. तिच्याबद्दल लिहावं असं बरीच वर्षं मनात होतं. गेल्या महिन्यात ती भेटायला आली तेव्हा मी विचारलं, नाव बदलून लिहू का? ती म्हणाली, "नाव बदललं त पुन्हा खोटंच होईल, काकू. हाये तसं लिहा."

म्हणून आहे तसं लिहिते. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गुरुजींना लॉटरी कधीच लागली नव्हती. लागली, असं साऱ्या गल्लीला वाटत होतं. खरं काय ते त्या घरातल्या माणसांनाच ठाऊक होतं, आणि त्यांत कोकिळाही होती.

१९७८ च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत एवढंच आहे: "कडक ऊन. गुरुजींच्या मधूचं लग्न. फुलांऐवजी सुताचे हार. मुलगी सावळी, डोळे बोलके. जेवायला पिठलं-भाकरी आणि गुळाचा शिरा." लग्न मुलीच्या गावी नाही, तर आर्वीलाच, शाळेच्या पटांगणात झालं. मुलीकडच्यांना खर्च नको, असं गुरुजींनी सांगितलं होतं. याचं सगळ्यांना कौतुक होतं, पण नवल नव्हतं. गुरुजी जन्मभर खादी वापरणारे, महिन्यातून एकदा पवनारच्या आश्रमात प्रार्थनेला जाणारे, रोज चरख्यावर सूत काढणारे. हुंडा घेतलेल्या लग्नात ते अक्षता टाकत नसत. समोरच्याच ओळीतल्या प्रमिलाबाईंच्या भाच्याच्या लग्नात ते मांडवाच्या दारापर्यंत गेले, हातातल्या अक्षता वाटणाऱ्याच्या ताटात परत ठेवल्या आणि न जेवता घरी आले. प्रमिलाबाई हे विसरल्या नव्हत्या.

मधू बी. ए. ला दोनदा नापास झाला होता. मग नागपूरला राहून रेडिओ दुरुस्ती शिकून आला होता, पण दुकान घालायला पैसा नव्हता. लग्नानंतर दीड-दोन महिन्यांतच एस. टी. स्टँडसमोर त्याचं दुकान उघडलं. काचेचं कपाट, नवा बोर्ड, विकायला ठेवलेले दोन-तीन रेडिओसुद्धा. गल्लीतली सगळी उद्घाटनाला गेली. पेढे वाटायला कोकिळा उभी होती. नव्या जोडव्यांमुळे ती जपून पाऊल टाकत होती.

आमचे हे सरकारी दवाखान्यात डॉक्टर. त्यांनी सहज विचारलं, "गुरुजी, दुकान झोकात झालं हो. भांडवल कसं उभं केलंत?"

विचारण्यात काहीच नव्हतं. पण गुरुजी इकडेतिकडे पाहू लागले. शेजारी बाबाराव आपली सायकल उभी करून पेढा खात होते. बाबाराव शाळेतले निवृत्त शिपाई. सायकलच्या हँडलला लाकडी फळी बांधून तिच्यावर लॉटरीची तिकिटं चिमट्यांनी लावून विकत. गुरुजींची नजर त्या फळीवर गेली.

"लागली," ते म्हणाले. "लॉटरी लागली एक."

"काय म्हणता गुरुजी!" बाबारावांच्या तोंडात पेढा तसाच राहिला. "अन् तिकीट कोणाचं? मायाकडून त तुमी कधी घेतलं नाई. उलटे मलेच सांगत होते, बाबाराव, हा जुगार हाये, सोडा म्हणून."

"वर्ध्याला घेतलं होतं. सरकारचीच लॉटरी आहे. विकासकामाला पैसा जातो."

"वर्ध्याले! मायाकडून घेतलं असतं त मले बी काई भेटलं असतं ना जी!"

सगळे हसले. प्रमिलाबाईंनी संधी सोडली नाही. "खादीवाल्यांना लॉटरी! आता चरखा विकून टाका, गुरुजी. सूत काढायची गरज काय?" मग कोकिळेकडे वळून म्हणाल्या, "पण खरं सांगू? हा हिचा पायगुण. माप ओलांडलं आणि लक्ष्मी घरात आली."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. इथं तरी त्यांना नाही म्हणता आलं असतं.

"हो," गुरुजी म्हणाले. "तसंच म्हणायचं."

कोकिळेनं पुढं कितीतरी वर्षांनी मला सांगितलं, "काकू, मी तवा माह्या पायाकडे पाहून राह्यली होती. मले वाटलं, माह्या बाबाचं घर कोणी माह्या पायाखाली टाकलं."

कारण दुकानाचा पैसा तिच्या बाबांचा होता. तिचे वडील नानाजी सिंदी रेल्वेला एका जिनिंगमध्ये कापूस तोलायला होते. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं घर होतं, दोन्ही बाजूंना दार असलेलं. लग्न ठरताना गुरुजी त्यांना म्हणाले होते, "मी हुंडा घेत नाही. पण मुलाला धंद्याला हातभार लागला, तर तुमचीच मुलगी सुखात राहील. आणि ही गोष्ट आपल्या दोघांत राहू द्या." नानाजींनी घराचा रस्त्याकडचा अर्धा भाग एका धान्यवाल्याला विकला. सिंदीत त्यांनी लोकांना काय सांगितलं? की एवढं मोठं घर करायचं काय, आणि गुरुजींसारखा देवमाणूस, एक पैसा घेतला नाही. हे शेवटचं सांगताना नानाजींची मान ताठ होत असे. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी कोकिळेला जवळ बसवलं आणि म्हणाले, "कुठं बोलशील नाई, पोरी. मान वर हाये तेवढी राहू दे."

ती बोलली नाही.

आता गल्लीचं सांगते. तोवर आमच्या गल्लीत लॉटरीचं तिकीट क्वचित कोणी घेई, तेही दिवाळीच्या बंपरचं. गुरुजींचं नाव जोडलं गेल्यावर त्यातली लाज गेली. जे गुरुजींनी केलं ते वाईट कसं असेल? शिक्षक, कारकून, गोदामातले हमाल, सगळे बाबारावांच्या सायकलजवळ थांबू लागले. बाबारावही हुशार. ते गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजवून ओरडत, "गुरुजीच्या सुनबाईच्या गल्लीतलं तिकीट! घ्या जी, लक्ष्मी याच रस्त्यानं गेली हाये!" मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथल्या सिस्टर आम्हाला जुगाराविषयी फार कडक शब्दांत सांगत. पण आमच्या घरातही देवाच्या फोटोमागं एक तिकीट खोचलेलं असे, हे सांगितलं नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

एका शुक्रवारी प्रमिलाबाई तिकीट घेऊन गुरुजींच्या घरी गेल्या. "सूनबाई, जरा हात लाव." कोकिळेनं लावला. पुढच्या सोडतीत त्या तिकिटाला शेवटच्या आकड्याचं अगदी बारीक बक्षीस लागलं. रक्कम किरकोळच, पण प्रमिलाबाईंनी ती मिठाई वाटून संपवली आणि गल्लीभर सांगितलं. मग बायका यायला लागल्या. आणि एकीनं शंका काढली की हात कसा चालेल, गुण पायाचा आहे, तर पायच लागला पाहिजे.

असं ते सुरू झालं. सोडतीच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर पाट मांडायचा. कोकिळेला उभं करायचं. तिचे पाय धुवायचे, त्यांना हळद-कुंकू लावायचं, आणि पाटावर मांडलेल्या तिकिटांना तिनं उजव्या पायाचा अंगठा एकेक करून टेकवायचा. आमच्याकडे लिहिलेल्या कागदाला पाय लागला की आपण तो कपाळाला लावतो. कोकिळेला तर शाळेतल्यापासून ती सवय. म्हणून प्रत्येक तिकिटाला अंगठा लावला की ती वाकून त्याला हात लावी, हात कपाळाला लावी, आणि मग पुढच्या तिकिटाकडे वळे. पोरं हे बघायला कुंपणावर बसत. तिच्यापेक्षा दुपटीनं मोठ्या बायका तिच्या पायाशी बसलेल्या असत. सासू, आनंदाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभ्या. आणि ओसरीच्या टोकाला गुरुजी चरखा फिरवत बसलेले.

पहिल्या दिवशी ती आत जाऊन सासूला म्हणाली होती, "आई, हे बंद करा ना. मले कसंसंच होते."

आनंदाबाई म्हणाल्या, "लोक मान देऊन राह्यले अन् तुले कसंसं होते? काय सांगशील त्यांले, काऊन बंद केलं म्हणून?"

याला उत्तर एकच होतं आणि ते तिच्या बाबांच्या मानेवर ठेवलेलं होतं. मधूला सांगावं तर तो म्हणे, "चार दिवसांत थंडं होईल. बाबांसमोर विषय काढू नको."

या बायकांत शकुबाई होती. विधवा, मुलगी दूर यवतमाळकडे दिलेली. गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राही आणि शिलाई मशीनवर साऱ्या गल्लीचे ब्लाऊज, परकर, पोरांच्या चड्ड्या शिवी. तिच्या खिडकीतून मशीनचा आवाज सकाळपासून येई. घरमालक दर पावसाळ्याआधी खोली खाली कर म्हणून धमकावी. स्वतःचं एक दार असावं, एवढंच तिचं मागणं. "मोठं नाई पायजे बाप्पा," ती म्हणे, "एक खोली, अन् आतून लावाले कडी. मंग कोणाचा बाप बी म्हणणार नाई, निघ म्हणून." तिला वाचता येत नव्हतं. निकाल आला की दिसेल त्याच्या हातात तिकिटं देऊन ती विचारी. पोरं तिची थट्टा करीत, "लागली शकुबाई, लागली!" म्हणून ओरडत आणि पळून जात. ती दर वेळी एक क्षण खरं मानी.

इतर जणी एखादं तिकीट आणत. शकुबाई पदराच्या गाठीतून चार-पाच काढी. कोकिळेचे पाय ती स्वतः धुई. आणि तिकिटांना अंगठा लागल्यावर तिच्या पायावर डोकं टेकवी. कोकिळा मागं सरायची. "शकुबाई, नका ना. तुमी मोठ्या हाय."

"मोठी असून काय करू? नशीब त तुह्या पायात हाये."

वर्ष-सव्वावर्ष असं चाललं. कोणालाच मोठं काही लागलं नाही. मधूनमधून शेवटच्या आकड्याचं किरकोळ लागे, ते पुन्हा तिकिटांतच जाई. सोडती वाढत गेल्या. महिन्याची होती ती आठवड्याची झाली, परराज्यांची तिकिटं आली, बाबारावांची फळी मोठी झाली. कोणाच्या घरात दूध कमी झालं, कोणाच्या पोराची सहल चुकली, कोणा नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं. कोणी हे मोठ्यानं बोललं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच नशीब खोटं आहे. मग हळूहळू कोणाच्या तरी लक्षात आलं की आपलं एकट्याचंच नाही, तर सगळ्यांचंच खोटं आहे. आणि सगळ्यांची तिकिटं ज्या एका पायाखालून गेली, तो पाय कोणाचा?

पाट मांडणं थांबलं. कोकिळेला हायसं वाटलं, पण थोडेच दिवस. प्रमिलाबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं, आणि गुरुजींचं घर सोडून साऱ्या गल्लीला बोलावणं गेलं. कोकिळेलाही तेव्हा दिवस गेले होते. विहिरीवर कोणी तरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं, "सासऱ्याला एकदा लागली ती लागली. मग पाय पांढरे निघाले." एखाद्या घरात कार्य असलं की तिथल्या बायका तिला समोर येताना बघून दार लोटून घेत.

याबद्दल तिनं मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "काकू, लॉटरी लागलीच नाई हे मले ठाऊक होतं. तरी कोणाचं तिकीट हारलं की मी रात्री पाय पाहत होती. म्हणे, खरंच पांढरे त नाई? खोटं आपल्याच घरातलं, अन् मलेच खरं वाटाले लागलं."

१९८० च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, शकुबाईच्या खिडकीतून आवाज यायचा थांबला. माझा एक ब्लाऊज तिच्याकडे होता म्हणून मी कोकिळेला म्हटलं, जातेस तिकडून तर घेऊन ये. ती गेली. खिडकीजवळ मशीन नव्हतं. जमिनीवर त्याच्या चार पायांच्या जागी चार गोल फिकट ठसे होते, आणि भिंतीवर खिळ्यांना लावलेली दोऱ्यांची रिळं तेवढी जागच्या जागी होती. माझा ब्लाऊज घडी करून ठेवलेला, बाह्या न लावलेला.

"मशीन कुठं गेलं?"

"देल्लं एकाले," शकुबाई म्हणाली. तिचा चेहरा हसरा होता. "थांब, उद्या येतो तुह्याकडे. तवा सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुबाई गुरुजींच्या ओसरीवर आली. मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसले होते, त्यामुळे पुढचं सारं मी पाहिलं. गुरुजी चरख्यावर. आनंदाबाई खांबाला टेकून. प्रमिलाबाई नळावरून परत येताना थबकल्या, त्यांच्यासोबत आणखी दोघी-तिघी. शकुबाईनं स्वतःच पाट मांडला. पदराखालून तिकिटांचा गठ्ठा काढला, एकदोन नाही, दोन्ही हातांत मावेना एवढा, आणि तो पाटावर ठेवून बसली.

"सुनबाई, ये. पाय लाव."

प्रमिलाबाई हसल्या. "शकुबाई, अजून हौस गेली नाही का? त्या पायानं आमचं काय भलं केलं, पाहिलंस ना?"

"तुमी एकेक घेता, मंग कसं लागंल?" शकुबाई म्हणाली. "लक्ष्मी काय चिल्लर पाहून येते? या वेळी मी समदं लावलं. मशीन इकून टाकलं. पोटुशी बाईचा पाय त दुप्पट गुणाचा असते. ये वो माय, उशीर नको करू."

कोकिळा दारात उभी होती. ती गुरुजींकडे पाहत होती. त्यांनी मान वर केली नाही. चरखा फिरतच होता.

मग ती पाटापाशी आली आणि खाली बसली. पाय तिनं लुगड्याखाली ओढून घेतले.

"शकुबाई, लॉटरी लागली नाई."

"अजून सोडत कुठं झाली?"

"आमाले. आमाले लागली नाई. कधीच नाई. दुकानाचा पैसा माह्या बाबानं देल्ला. सिंदीचं अर्धं घर इकून देल्ला. पायात काईच नाई माह्या."

चरख्यावरचा धागा तुटला. गुरुजींनी तो जोडायला हात पुढं केला, मग तसाच सोडला, उठले आणि आत गेले. आनंदाबाई म्हणाल्या, "खोटं बोलते! दिवस भरले की बाईचं डोकं ठिकाणावर राहत नाई."

"वा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पाय उतरला म्हणून आता सासऱ्यावर ढकलायचं? ज्यांनी आमच्या मांडवात अक्षता नाकारल्या, ते हुंडा घेतील? घेतला असेल तर सांगू दे ना त्यांनी. कुठं गेले?"

मधू दुकानातून आला, त्यानं काय झालं ते ऐकलं, आणि परत दुकानात गेला.

शकुबाई तिकिटं गोळा करत होती. एकेक उचलून सारखं करून पदरात ठेवत होती. शेवटी म्हणाली, "काऊन सांगितलं मले? आज सांगितलं त सांगितलं, काल काऊन नाई सांगितलं?"

कोकिळेनं तोंड पदरात लपवलं. तिला मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं, असं ती म्हणते.

त्या सोडतीत काही लागलं नाही, हे सांगायला नकोच. शकुबाई एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला जाऊ लागली. खोली सोडावी लागली नाही, पण खिडकी बंद राहू लागली. गल्लीनं कोकिळेवर विश्वास ठेवला नाही. पांढऱ्या पायाची होती, ती आता खोटारडीही झाली. फेब्रुवारीत तिला बाळंतपणाला सिंदीला पाठवलं. तिथं तिचे बाबाही तिच्याशी धड बोलले नाहीत. बातमी तोवर तिथं पोचली होती. गुरुजींनी हुंडा घेतला, म्हणजे नानाजींनी सर्वांना खोटं सांगितलं. जिनिंगमध्ये माणसं त्यांना विचारू लागली, "काय नानाजी, एक पैसा नाई ना?"

मुलगी झाली. रिवाज पाहता बारसं तिथंच व्हायचं. पण सिंदीच्या घरात चार माणसं बसायला जागा नव्हती आणि नानाजींना कोणाला बोलवायचं नव्हतं. सव्वा महिन्यानं तिला आणायला कोणी जायचं यावर आर्वीच्या घरात दोन दिवस गेले. शेवटी गुरुजी स्वतः निघाले. लग्न आर्वीला झाल्यामुळे आणि सगळी बोलणी वर्ध्याला झाल्यामुळे त्यांनी ते घर कधी पाहिलंच नव्हतं.

पुढचं कोकिळेनं सांगितलेलं. गुरुजी स्टेशनवरून पत्ता विचारत रस्त्याकडच्या दाराशी आले. तिथं धान्याची पोती, तराजू, आणि गादीवर अनोळखी माणूस. "नानाजी? मागून जा. गल्लीतून." मागची गल्ली म्हणजे गटार, शेणाचे ढीग आणि दोघांना जाता येणार नाही एवढी वाट. पांढरं धोतर सावरत गुरुजी त्या वाटेनं मागच्या दारी आले. नानाजींनी त्यांना पाहिलं आणि ते धावत बाहेर आले. हात जोडून म्हणाले, "मागच्या दारानं यावं लागलं गुरुजी, माफ करजा. समोरून आता आपली वाट नाई."

गुरुजी उंबऱ्यावरच बसले. आत येत ना, पाणी घेत ना. ज्याचं घेतलं तोच माफी मागत होता. मग त्यांनी नात मागितली आणि मांडीवर घेतली.

आर्वीला परत आल्यावर बारशाचा दिवस ठरला. आमच्याकडे बारशाचं बोलावणं बायका करतात, हळद-कुंकू घेऊन घरोघर जातात. आनंदाबाई म्हणाल्या, मी कोणत्या तोंडानं जाऊ? कोकिळा म्हणाली, नकोच बोलवायला कोणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या दाराची कडी वाजली. दारात गुरुजी. डोक्याला टोपी नव्हती. त्यांना बिनटोपीचं मी पहिल्यांदाच पाहत होते. आमचे हे दवाखान्यात निघाले होते, ते म्हणाले, "या गुरुजी, बसा."

ते बसले नाहीत. वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं सरळ उभं राहून म्हणाले, "मला लॉटरी लागली नव्हती. मी हुंडा घेतला होता. सुनेनं सांगितलं ते खरं आहे. परवा नातीचं बारसं आहे, यावं."

आणि पुढच्या दाराकडे गेले. मी खिडकीतून पाहत राहिले. प्रत्येक दारात ते तेवढीच वाक्यं बोलत होते. काही घरांत त्यांना पुन्हा सांगावं लागलं, कारण आतून कोणीतरी "काय म्हणतात?" असं विचारी, आणि ते पुन्हा तितक्याच आवाजात सांगत. प्रमिलाबाईंच्या दारात ते थोडं जास्त थांबले. तिथं त्यांनी आणखी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण प्रमिलाबाईंसारखी बाई त्यावर एक शब्द न बोलता आत गेली, एवढं मी पाहिलं. सर्वांत शेवटी ते शकुबाईच्या खोलीपाशी गेले. ती कामावर गेलेली होती. दार बंद होतं. ते त्या बंद दाराशीही बराच वेळ उभे होते.

बाबाराव गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभे. त्यांना गुरुजींनी तेच सांगितलं. बाबाराव म्हणाले, "तुमाले नाई लागली, पण लोकांले त लागते ना जी." आणि सायकल वळवत, "मायावाला धंदा हाये, गुरुजी. तुमी काई मनावर नका घेऊ."

बारशाला साऱ्या गल्लीतल्या बायका आल्या नाहीत, निम्म्या आल्या. ज्या आल्या त्या एकमेकींकडे न बघता बसल्या. प्रमिलाबाई आल्या, पाळण्याची दोरी धरली आणि कोकिळेकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. नाव शरयू ठेवलं. घुगऱ्या वाटून झाल्यावर, बायका उठायला लागल्या तेव्हा, शकुबाई आली. तिच्या हातात कुंची होती. लाल कापडाची, पिवळ्या गोटाची, हातानं शिवलेली. टाके वाकडेतिकडे होते. मशीनवर तिचा एक टाका कधी इकडचा तिकडे जात नसे. कोकिळा उठून तिच्या पाया पडायला वाकली, तर शकुबाईनं पाय मागं घेतले.

"राहू दे. पायाचं लय झालं आता."

कुंची तिनं पोरीच्या डोक्यावर घातली, जरा मोठी झाली म्हणून म्हणाली, "वाढंल," आणि घुगऱ्या न घेता गेली.

इथं गोष्ट संपली असं मला तेव्हा वाटलं होतं. पण मशीन काही परत आलं नाही, आणि सिंदीचं पुढचं दारही नाही. मधूचं दुकान तीन वर्षांत बसलं. मग तो दुसऱ्याकडे नोकरीला लागला. गुरुजींनी टोपी पुन्हा घातली नाही आणि कोणाच्याही लग्नाला जाणं बंद केलं. हुंडा न घेतलेल्या लग्नांनासुद्धा.

आणि शकुबाईनं तिकिटं सोडली नाहीत. सगळं कळल्यावरही सोडली नाहीत. आठवड्याला एक, कधी दोन. एके दिवशी ती कोकिळेकडे आली आणि तिकीट पुढं केलं. कोकिळा दचकून मागं सरली. शकुबाई म्हणाली, "पाय नको लावू. वाचून दे फक्त. पोट्टे मायी मस्करी करतात. तू खोटं सांगणार नाई."

तेव्हापासून निकालाचा पेपर आला की शकुबाई भांडी घासून आलेल्या ओल्या हातांनी त्या ओसरीवर येऊन बसे. मी कितीदा पाहिलं आहे. नंतरची पाच-सहा वर्षं, शकुबाई मुलीकडे यवतमाळला जाईपर्यंत. कोकिळा पेपर पसरी, तिकीट शेजारी ठेवी, आणि बोट ठेवून एकेक आकडा मोठ्यानं वाची. ज्या बाईचं मशीन आपल्यामुळे गेलं तिला दर आठवड्याला नाही म्हणायचं, याची तिला इतकी शरम वाटे की त्या दिवशी तिला जेवण जात नसे. "माह्यासाठी नाई काकू," ती म्हणाली होती, "पण तिच्यासाठी मी बी देवाले म्हणत होती, एकदा लागू दे. मीच म्हणत होती. घ्या आता."

"नाई लागलं, शकुबाई."

"नीट पाह्यलं?"

"नीट पाह्यलं."

शकुबाई तिकीट परत घेई, दुमडून पदराला बांधी, आणि म्हणे, "मंग चाय ठेव."